नकाराचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

गोदाकाठचा वकील

परवा भाडेकरूच्या एका जुन्या भानगडीत जागा बघायला पंचवटीत गेलो होतो. काम अर्ध्या तासात उरकलं. पक्षकार म्हणाला, "आलोच आहे तर गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) जाऊन येतो." मी काळाराम मंदिराच्या दरवाज्यासमोर चहा घेत उभा राहिलो. इतकी वर्षं त्या दारावरून जातोय, पण त्या दिवशी एक जुनी गोष्ट डोक्यात घुसली ती अजून निघत नाही. म्हणून हा धागा.

वकिली सुरू करून तीनेक वर्षं झाली असतील. जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी ज्युनिअर होतो. (तालुक्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही.) गावात लहान मुलीवरच्या अत्याचाराची घटना घडली, मोर्चे निघाले, बाजारपेठ बंद झाली. तिथल्या वकील संघाने ठराव केला की आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. ठराव फळ्यावर लागला. आम्ही सगळे छाती फुगवून फिरत होतो, मीही.

चौथ्या की पाचव्या दिवशी आरोपीची आई आली. हातात कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एफआयआरची प्रत, आधारकार्डाची झेरॉक्स आणि कुणीतरी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेली वकिलांची नावं. एकेका टेबलापुढे उभी राहायची, मान हलली की पुढच्या टेबलाकडे. आमच्या साहेबांनी आतूनच मला सांगितलं, "आपण नाही घेत ही मॅटर." मी बाहेर येऊन तिला काय सांगितलं? "साहेब नाहीत आज."

पुढे विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील मिळाला, खटला चालला. निकाल सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा. काळारामाच्या दाराशी २ मार्च १९३० ला, दलितांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात, दोन नकार समोरासमोर उभे होते. आत सोडणार नाही म्हणणाऱ्यांचा एक, हटणार नाही म्हणणाऱ्यांचा दुसरा. शब्द तोच, 'नाही'. मग एकाला आपण इतिहास म्हणतो आणि दुसऱ्याची लाज वाटते, ती कशाच्या जोरावर? 'एकाची बाजू न्यायाची होती' हे उत्तर मला पुरत नाही, कारण त्या ठरावाच्या दिवशी आम्हालाही आमचीच बाजू न्यायाची वाटत होती. चार दिवस विचार करून मी इथवर आलोय: नकाराची किंमत कोण मोजतं ते बघायचं. दाराबाहेर बसलेल्यांनी स्वतः मोजली. आतल्यांनी दुसऱ्यांना मोजायला लावली. आणि आम्ही वकिलांनी ती त्या प्लास्टिकच्या पिशवीवाल्या बाईच्या नावावर फाडली.

पटतंय का? खोडून काढा. आपापल्या धंद्यातले नकारही सांगा.

रविवार_कारंजा

पहिला नंबर माझा! चांगला विषय. वाचतोय.

तपोवनी

वकीलसाहेब, लिहिलंय छान, पण मला तुमच्या साहेबांचं काही चुकलं असं वाटत नाही. अशा नराधमाचं वकीलपत्र का घ्यायचं? उद्या बाजू मांडून सोडवून आणाल आणि वर म्हणाल हे आमचं कर्तव्य. माणूस म्हणून काही आहे की नाही? गावाने एकमुखाने नाही म्हटलं यात मला तरी अभिमानच वाटतो.

गोदाकाठचा वकील

तपोवनी, तुमच्यासारखंच मलाही तेव्हा वाटत होतं, म्हणून रागावत नाही. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय.

बार कौन्सिलचा नियम असा की वकिलाने ज्या कोर्टात प्रॅक्टिस करायची तिथलं काम योग्य फी मिळत असेल तर स्वीकारायला तो बांधील आहे. विशेष कारण असेल तर एखादं प्रकरण नाकारता येतं. म्हणजे माझी मुलगी त्याच वयाची आहे, माझ्याच्याने हे होणार नाही, असं मी म्हणू शकतो. तो माझा नकार. पण संघाने ठराव करून शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ते काम घेऊ द्यायचं नाही, हा नकार नाही. ही नाकेबंदी आहे.

सुप्रीम कोर्टाने हे २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या निकालात स्पष्ट सांगितलंय. कोईमतूरला वकील आणि पोलिसांची मारामारी झाली होती, तिथल्या वकिलांनी पोलिसांचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव केला. कोर्ट म्हणालं, देशभरातले असे सगळे ठराव रद्दबातल. त्याच निकालात टॉमस अर्स्किनची गोष्ट आहे. १७९२ ला इंग्लंडात टॉमस पेनवर राजद्रोहाचा खटला भरला तेव्हा अर्स्किन युवराजाचा ॲटर्नी जनरल होता. पेनचं वकीलपत्र घेऊ नकोस म्हणून त्याला बजावलं. त्याने घेतलं, खटला हरला आणि पदही गेलं.

आता सांगा, तिथे नकार कुणी दिला? वकीलपत्र घेणाऱ्याने दिला. आमच्या गावात वकीलपत्र न घेणाऱ्यांना नकार द्यायची गरजच पडली नाही, आम्ही फक्त सगळ्यांबरोबर होतो.

पायरीपाशी

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचतो. पण काळारामाचं नाव निघालं म्हणून लिहितो.

सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २ मार्चला मिरवणूक निघाली, दारं बंद होती, मग चारही दरवाज्यांवर तुकड्या बसल्या. त्या वर्षीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही लागलं. त्यानंतरही हे वर्षानुवर्षं चालू राहिलं. आपल्या दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड ते धरून बसले होते. शेवटी बाबासाहेबांनीच ते थांबवायला सांगितलं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मला येवल्याचा नकार काळारामापेक्षा मोठा वाटतो. काळारामाला 'आत घ्या' अशी मागणी होती. येवल्याला मागणीच संपली. दार उघडा नाहीतर नका उघडू, आम्ही चाललो. नागपूरला पोचायला पुढे २१ वर्षं लागली ती वेगळी गोष्ट.

वकीलसाहेब म्हणतात तसं किंमत कोण मोजतं ते आमच्या घरात मोजलंय. महाडनंतर गावोगावी मेलेली जनावरं ओढायची नाहीत असं ठरायला लागलं. वतनाचं काम म्हणजे काय हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. १८७४ च्या वतन कायद्याखाली ते काम बांधलेलंच होतं. सरकारी टपाल पोचवायचं, साहेबाच्या घोड्याबरोबर धावायचं, मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचं, मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेही लोंबकळलं.

आमच्या आजोबांनी पाटलाचा बैल ओढायला नाही म्हटलं. आजी सांगायची, बैल तीन दिवस गोठ्यामागे पडून होता, वाऱ्याची दिशा बदलली की वास आमच्या वस्तीत यायचा आणि कुत्री रात्रभर भांडायची. चौथ्या दिवशी पाटलाच्या गड्यांनीच तो ओढत नेला, म्हणजे काम होण्यासारखं होतंच. पण पाचव्या दिवशी वाण्याने मीठ द्यायचं बंद केलं. तेल नाही, काडेपेटी नाही. दळायला गेलं तर चक्की बंद. आजी सहा कोस चालून दुसऱ्या गावाहून मीठ आणायची, पदरात बांधून, कारण पिशवी दिसली की वाटेत अडवायचे. मीठ म्हटलं की लोकांना दांडी आठवते. आमच्या घरात आजीचा पदर आठवतो.

तेव्हा गावानेही एकमुखानेच 'नाही' म्हटलं होतं, तपोवनी. वाण्याला एकट्याला विचारलं असतं तर त्याने दिलं असतं मीठ, असं आजीच म्हणायची. ठराव झाला की माणूस मोकळा होतो.

रविवार_कारंजा

पायरीपाशी, दंडवत घ्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात कायदा झाला तो २०१६ चा. म्हणजे तुमच्या आजीच्या मिठानंतर कितीतरी वर्षांनी.

निवृत्त_खाकी

फोनवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

त्र्यंबक रोडच्या अकादमीत पीएसआयचं ट्रेनिंग झालं तेव्हा परेड ग्राउंडवर पहिल्या दिवशी शिकवलं, हुकूम आला की आधी करायचं, मग विचारायचं. वर्गात कायदा शिकवायचे, त्यात मात्र आदेश 'कायदेशीर' असला पाहिजे असा शब्द होता. ग्राउंड आणि वर्ग यांच्यात दोनशे मीटरचं अंतर. नोकरीची बत्तीस वर्षं त्या दोनशे मीटरमध्ये गेली.

१९३० चं म्हणाल तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेशावरला गढवाल रायफल्सच्या जवानांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. चंद्रसिंह गढवालींना जन्मठेप झाली. वकीलसाहेब, तुमच्यासाठी: त्यांचं वकीलपत्र बॅरिस्टर मुकंदीलाल यांनी घेतलं होतं. आणि गंमत बघा, गांधीजींना त्या जवानांचं कौतुक नव्हतं. एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना ते म्हणाले की शिपायाने शपथ मोडली, आणि उद्या आमचं राज्य आलं तर हेच शिपाई आम्हालाही लागतील, त्यांना आज्ञा मोडायला मी कसं शिकवू. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस बेचैन होतो. पोलीस म्हणून म्हातारा बरोबर वाटतो, माणूस म्हणून अजिबात नाही.

आमच्या खात्यासाठी निर्णायक निकाल २०११ चा, प्रकाश कदम विरुद्ध रामप्रसाद गुप्ता. मुंबईतल्या चकमकीचं प्रकरण. सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की वरिष्ठाने खोट्या चकमकीचा आदेश दिला तर तो नाकारणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे, नाकारला नाही तर खुनाचा गुन्हा. न्यूरेंबर्गच्या नाझींवरच्या खटल्यांचाही दाखला दिलाय, 'वरून हुकूम होता' ही सबब तिथेही चालली नव्हती.

पण निकाल वाचून नकार देता येत नाही. साहेबांपुढे नकार द्यायची एक पद्धत असते, ती सांगतो. "नाही" म्हणायचंच नाही. "सर, स्टेशन डायरीला तशी नोंद घेतो" म्हणायचं. वेळ, साहेबांचं पद आणि आदेश काय ते लिहितो म्हणायचं. दहापैकी आठ वेळा तो आदेश तिथेच विरघळायचा. उरलेल्या दोन वेळा माझी बदली झाली. एकदा तर अशा ठिकाणी, की दहावीतल्या मुलाची शाळा मध्येच सोडवावी लागली. त्याने ते अजून माफ केलेलं नाही. तर किंमत स्वतः मोजली म्हणताना जरा जपून. माझ्या नकाराचे हप्ते बायकोने आणि पोराने फेडले.

तोपखाना

देवळाली. नोकरीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

आर्मी ॲक्टच्या कलम ४१ मध्येही 'लॉफुल कमांड' असंच आहे. शिक्षा १४ वर्षांपर्यंत. सिव्हिलमधले लोक त्या एका शब्दाला फार मोठी खिडकी समजतात. रात्री दोन वाजता तोफेवर असताना खिडकी वगैरे नसते. प्रत्येक जण आपापल्या सदसद्विवेकाने वागायला लागला तर ती फौज राहणार नाही, जमाव होईल. निवृत्त_खाकी, म्हातारा पूर्ण बरोबर होता. जय हिंद.

निवृत्त_खाकी

तोपखाना, मान्य. पण जमावावर गोळी घालायला सांगणाऱ्याचा सदसद्विवेक कुठल्या कलमात मोजायचा तेही कळवा कधीतरी. हलके घ्या.

बॅच_नंबर

मी फार्मामध्ये आहे, क्यूसी लॅब (औषधांचा दर्जा तपासणारी), सतरा वर्षं. सातपूर म्हणा, अंबड म्हणा, काय फरक पडतो. कंपनीचं नाव अर्थातच नाही.

आमच्याकडे नकार म्हणजे एक रिकामा रकाना. चेक्ड बाय, रिव्ह्यूड बाय, अप्रूव्ह्ड बाय. त्यातल्या मधल्या रकान्यात माझी सही असते.

एकदा एका गोळीचं डिसोल्यूशन लागत नव्हतं. म्हणजे गोळी पोटात गेल्यावर ठरलेल्या वेळात औषध सुटतं का ते बघायचं. सहा भांडी, पाणी शरीराच्या तापमानाला, दांडे फिरतायत, वेळ झाली की नमुना काढायचा. ८० टक्के सुटायला हवं होतं. पहिल्या सहा गोळ्या बसल्या नाहीत. नियमाप्रमाणे आणखी सहा लावल्या, बाराची सरासरी ८० च्या खाली. मग शेवटच्या बारा. चोवीस गोळ्यांची सरासरी ७७. इथे नियम संपतो. बॅच नापास.

साहेब म्हणाले, "ॲनालिस्ट एरर दाखव आणि परत लाव." ॲनालिस्ट पोरगा नवीन होता, भिंतीला टेकून उभा. मी सगळं तपासलं होतं, वजनं, पीएच, फिल्टर, कॉलम, सगळं. चूक नव्हती. चूक सापडली नाही तर परत लावता येत नाही. पास होईपर्यंत लावत बसणं याला आमच्या धंद्यात वाईट नाव आहे आणि अमेरिकेत १९९३ ला एका कंपनीला कोर्टाने यावरून झोडपलंय. मी म्हटलं, "सर, एरर सापडली नाही असं लिहिते." ते म्हणाले, "तीन टक्क्यांनी कुणी मरत नाही."

खरंच कुणी मेलं नसतं, हीच यातली अवघड गोष्ट आहे. विष असतं तर मी छाती ठोकून नाही म्हटलं असतं. ७७ आणि ८० मध्ये छाती ठोकता येत नाही. सही केली नाही, एवढंच. दोन तास ते रजिस्टर माझ्या टेबलावर पडून होतं. मग शिपाई आला आणि घेऊन गेला. पुढच्या महिन्यात मला डॉक्युमेंटेशनला टाकलं, बिनखिडकीची खोली. त्या बॅचचं पुढे काय झालं ते मला बघू दिलं नाही.

तिथे फायली लावता लावता फ्रान्सिस केल्सीबद्दल वाचलं. १९६० ला अमेरिकेच्या एफडीएमध्ये, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या खात्यात, नव्याने लागल्या होत्या. थॅलिडोमाइडचा अर्ज टेबलावर आला, गरोदरपणातल्या मळमळीवर द्यायचे ते औषध. युरोपात धडाक्यात खपत होतं. कंपनी सारखी मागे लागायची. बाईंनी मंजुरी दिली नाही. १९६१ च्या अखेरीस जर्मनीतून ते मागे घेतलं, तोवर जगात हजारो मुलं हात-पाय खुंटलेली जन्मली होती, अमेरिकेत त्या मानाने अगदी थोडी. त्यांनाही सुरुवातीला काही खात्रीने माहीत नव्हतं. फक्त दिलेला पुरावा पुरेसा वाटत नव्हता. ७७ आणि ८० असंच काहीतरी.

फेरफार

बॅच_नंबर ताई, तुमची केल्सीबाई माझ्या जिवाभावाची निघाली. आत्ता शोधून वाचलं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप मंजूर व्हायचं. मग बाई काय करायची? अर्ज अपूर्ण आहे म्हणून परत पाठवायची. कंपनीने पुन्हा पाठवला की ६० दिवस पुन्हा पहिल्यापासून. अहो, ही तर त्रुटी काढणं झालं! मी पंचवीस वर्षं तलाठी आहे (आता म्हणे ग्राम महसूल अधिकारी), आणि त्रुटी काढतो म्हणून लोकांच्या शिव्या खातोय.

महसुलात 'नकार' हा शब्दच नाही. 'अभिप्राय मागवले', 'उचित कार्यवाहीस्तव सादर', 'उपरोक्त विषयी मार्गदर्शन व्हावे'. ही सगळी नकाराचीच नावं. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात एका साहेबांचा फोन आला, अमक्या गटाचा फेरफार आजच्या आज धर आणि हितसंबंधितांची नोटीस मागच्या तारखेची दाखव. नोटीस बजावली की हरकतीला १५ दिवस द्यावे लागतात, नंतर मंडळ अधिकारी मंजूर करतो. त्या जमिनीत दोन बहिणींचा हिस्सा होता आणि त्यांना कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "जी साहेब, फक्त एक चिठ्ठी द्या." वर्तणूक नियमांत आहेच ते, १९७९ च्या, नियम ३: वरिष्ठाचे निर्देश लेखी हवेत, तोंडी असतील तर नंतर लेखी घ्यावेत. साहेब म्हणाले, "चिठ्ठी कशाला, विश्वास नाही का?" मी म्हटलं, "विश्वास आहे साहेब, म्हणूनच तर जपून ठेवीन."

चिठ्ठी आली नाही. मी रजेवर गेलो, मूळव्याधीची. बहिणींना नोटीस गेली.

यात मला वकीलसाहेबांचा सिद्धांत बसत नाही. मी काय किंमत मोजली? आठ दिवस रजा आणि मूळव्याधीची अफवा. शूर नव्हतो. पण काम तर झालं ना? प्रत्येक नकाराला रक्त सांडायलाच हवं का?

गोदाकाठचा वकील

फेरफार, तुमच्यापुढे हात टेकले. सिद्धांताला भोक पाडलंत खरं. तरी एक विचारतो. तुम्ही त्रुटी काढून पंधरा दिवस लांबवता तेव्हा प्रत्येक वेळी दोन बहिणी वाचतात, की कधी एखादी म्हातारी वारसनोंदीसाठी तुमच्या सजाला दहा चकरा मारते? हत्यार तेच, कुणावर चालवलं ते बघायला नको?

फेरफार

वकीलसाहेब, मारते. दहाच्या बारा पण मारते. खोटं कशाला बोलू.

उन्हाळ_कांदा

तुमचं सगळं वाचलं, आता माझंही ऐका. ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. सप्टेंबरात जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. सरकारचा निषेध. आम्हीही शुल्काच्या विरोधातच होतो, पण आम्हाला विचारलं कुणी? कांदाचाळीतला माल मार्च-एप्रिलचा, सप्टेंबरात त्याला कोंब आणि काजळी. रोज सकाळी बायको आणि मी सडका वेचून बाजूला टाकायचो, दोन पाट्या, तीन पाट्या, मग मोजणं सोडलं. लिलाव सुरू झाले तेव्हा सगळे एकदम ट्रॅक्टर घेऊन पळाले.

व्यापाऱ्याने नाही म्हटलं सरकारला. कांदा सडला माझ्या चाळीत. वकीलसाहेबांचं गणित माझ्यापुरतं तंतोतंत आहे.

तपोवनी

उन्हाळ_कांदा, मग शेतकऱ्यांनी संप केला तेव्हा रस्त्यावर दूध ओतलंत ते कुणाच्या नावावर?

उन्हाळ_कांदा

माझ्या म्हशीचं होतं. माझ्याच नावावर.

खडू_फळा

शाळामास्तर. मुलांचा एक नकार सांगतो, कारण इथे सगळे मोठेच लोक आलेत. केरळात १९८५ ला तीन भावंडांना शाळेतून काढलं, राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून. धर्माने मनाई, यहोवाचे साक्षीदार पंथातली. पण ती मुलं राष्ट्रगीताला ताठ उभी राहायची, फक्त ओठ हलत नसत. सुप्रीम कोर्टाने १९८६ ला त्यांना परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींचा निकाल. आमच्या शिक्षक खोलीत यावर वाद झाला तर निम्मे चिडले. मी चिडलेल्यांत होतो. मग एकदा प्रार्थनेच्या वेळी मुलांचे ओठ बघितले. अर्धी पोरं म्हणतच नव्हती, आणि ताठ तर कुणीच उभं नव्हतं.

रविवार_कारंजा

न्यायाधीशांचा विषय निघालाच आहे तर न्या. खन्नांबद्दल वकीलसाहेबांनी लिहावं. आणीबाणीवालं.

गोदाकाठचा वकील

आज तारखा जास्त होत्या, उशीर झाला.

२८ एप्रिल १९७६, एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल. प्रश्न असा होता की आणीबाणीत कुणाला बेकायदा डांबून ठेवलं तर कोर्टात दाद मागता येईल का. नऊ हायकोर्टांनी येईल म्हटलं होतं, मुंबईसुद्धा. सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्ती बसले, चौघांनी येणार नाही म्हटलं, एकट्या खन्नांनी वेगळा निकाल लिहिला. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने त्यांच्याकडे यायचं होतं, ते न्या. बेग यांना दिलं. खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांत आपल्याकडचे न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं ते त्यांच्याच मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. ४१ वर्षांनी.

यात मला खन्नांपेक्षा ते चौघे जास्त सतावतात. कुणी त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. विद्वान, सज्जन माणसं. त्यांनीही मनातल्या मनात 'साहेब नाहीत आज' असंच काहीतरी म्हटलं असेल.

बॅच_नंबर

अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाची आठवण झाली. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी सांगितलं होतं की थंडीत रबरी रिंगा नीट बसणार नाहीत. ॲलन मॅक्डोनाल्ड यांच्या सहीची गरज होती. त्यांनी केली नाही. मग त्यांच्या वरच्या साहेबांनी केली. सात माणसं गेली, ७३ सेकंदांत.

माझं रजिस्टर घेऊन शिपाई गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, त्याच्या मागे जायला हवं होतं. आपण सही केली नाही की आपल्यापुरतं संपतं, कागद मात्र पुढे चालत राहतो.

वकीलसाहेब, एक विचारू का? राग मानू नका. त्या बाईला कळलं होतं का, तुम्ही खोटं बोलताय ते?

गोदाकाठचा वकील

साहेबांची स्कूटर दारातच लावलेली होती. वकिलीचं चिन्ह काचेवर, पुढे नाव. कागद परत पिशवीत भरताना तिने पिशवी टेकवली ती त्याच स्कूटरच्या सीटवर.